गुरुवारच्या सुया

नामा टेबलावर पालथा झोपला आणि म्हणाला, “जरा हळू हां बाई. बसताबी येत नाय नि चालताबी येत नाय.”

साजगावच्या एका कारखान्यात तो माल चढवण्या-उतरवण्याचं काम करायचा. उजव्या कुल्ल्यावर लिंबाएवढं गळू आलं होतं. मी गार फवारा मारून जागा बधिर केली, चिरा दिला, पू काढला आणि आत गॉजची पट्टी भरली. भाद्रपदातल्या दमट हवेत गळवं यायचीच, म्हणून मी फार विचार केला नाही.

दुसऱ्या दिवशी सोनुबाई आली. बाजारात भाजी विकायला बसणारी. तिचंही गळू, तिथेच, त्याच बाजूला.

“इथे काही लागलं होतं का हो?” मी पट्टी भरता भरता विचारलं.

“लागतंय कुठं? तापाची सुई घेतली व्हती ना तुमच्याकडं. त्याच जाग्यावर आलंय.”

माझा हात थांबला. नामा पट्टी बदलायला आला होता आणि बाहेर भिंतीला टेकून उभा होता, कारण बाकावर बसणं त्याला जमत नव्हतं. मी दारात जाऊन विचारलं, “नामा, तू सुई कधी घेतली होतीस?”

“मागच्या नाय, त्याच्या मागच्या गुरवारी. कारखान्याला सुट्टी व्हती तवा.”

सोनुबाईनेही बोटं मोजली. तिचाही तोच गुरुवार.

हे १९७४ सालचं. लग्न होऊन खालापूरला येऊन मला जेमतेम वर्ष झालं होतं. माझे यजमान, अनंत, रसायनीच्या एका कारखान्यात केमिस्ट होते आणि सकाळी जायचे ते संध्याकाळी परत. दवाखाना माझ्या सासऱ्यांचा, डॉक्टर यशवंत दोंदे यांचा. मी त्यांना मामंजी म्हणायची. सत्तावीस वर्षं ते त्या गावात डॉक्टरकी करत होते. पावसात नदीला पाणी चढलं तरी पलीकडच्या बाळंतिणीला बघायला जाणारा माणूस अशी त्यांची ख्याती होती आणि ती खरी होती. मी आल्यावर त्यांनी आपल्या टेबलाशेजारी दुसरं टेबल मांडलं. पुरुष त्यांच्याकडे, बायका आणि पोरं माझ्याकडे. नामा आला तेव्हा ते बाहेर गेले होते, म्हणून तो माझ्या टेबलावर आला.

तिसरे मोहियुद्दीनभाई. दवाखान्याच्या पहिल्या वर्षापासूनचे कंपाउंडर. पुड्या बांधणं, मिक्श्चर करणं, बोथट झालेल्या सुया दगडावर घासून धार लावणं आणि काचेच्या सिरिंजा उकळणं, सगळं त्यांच्याकडे. तेव्हा एकदा वापरून फेकायच्या सुया आमच्याकडे आलेल्या नव्हत्या. सिरिंजा सात, सुया दोन डझन. एक स्टीलचा डबा, त्यात पाणी, खाली स्टोव्ह. पाण्याला उकळी आल्यावर वीस मिनिटं तशीच राहू द्यायची. हे मला कॉलेजात शिकवलं होतं आणि मामंजींना त्यांच्या कॉलेजात. माणसं मात्र सुईशिवाय बरं होण्यावर विश्वास ठेवायची नाहीत. गोळ्या दिल्या तर हातात धरून विचारायची, “आन सुई?”

त्या दिवशी जेवणं झाल्यावर मामंजी ओटीवर पेपर वाचत बसले होते. मी समोर उभी राहून दोन्ही गळवांचं सांगितलं.

“योगायोग,” ते पेपरातून वर न बघता म्हणाले.

“एकाच दिवसाच्या सुया आहेत, मामंजी. त्याच जागेवर.”

आता त्यांनी चष्मा काढला. “सत्तावीस वर्षं मी सुया टोचतोय शरयू. हजारांनी. तू कालपरवा आलीस.”

“म्हणूनच विचारतेय. गुरुवारी सिरिंजा नीट उकळल्या होत्या का?”

त्यांचा चेहरा लाल झाला. मोठ्याने बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता, पण त्या दिवशी त्यांनी आतल्या दाराकडे बघून जोरात हाक मारली, “मोहियुद्दीन!”

मोहियुद्दीनभाई हात पुसत आले. मामंजींनी माझा प्रश्न जसाच्या तसा त्यांना विचारला.

“त्या दिवशी रॉकेल नव्हतं साहेब,” ते म्हणाले. “दुकानात आठवडाभर आलंच नव्हतं. डब्यात तळाला होतं तेवढंच. सकाळी एकदा बराबर उकळलं. मग दहानंतर सुट्टीची गर्दी आली, दारापर्यंत. मग बुडबुडे दिसले की मी काढत होतो. शेवटच्या दहाबारा जणांना नुसती गरम पाण्यातून काढून दिली.”

“आणि मला विचारलं नाहीस?”

मोहियुद्दीनभाईंनी मान खाली घातली. “विचारलं होतं साहेब.”

“काय म्हणालो मी?”

“तुम्ही म्हणालात, ‘चालेल, दे. लोक खोळंबलेत.’”

मामंजींनी पेपराची घडी घातली, मग त्या घडीची आणखी एक घडी घातली.

“हो,” ते म्हणाले. “म्हणालो होतो.”

“लोकांना माझं नाव सांगा साहेब,” मोहियुद्दीनभाई घाईने म्हणाले. “कंपाउंडरची चूक म्हटलं की लोक समजून घेतात. मी चार दिवस घरी बसेन. तुमचं नाव राहू दे.”

“सिरिंजा तू काढल्यास,” मामंजी म्हणाले. “दे म्हणणारा मी. तू कुठेही जायचं नाहीस. ती रोजवही आण.”

खरं सांगते, त्या क्षणापर्यंत मला आतून बरं वाटत होतं. माझं म्हणणं खरं निघालं होतं. वर्षभर त्या टेबलाशी मी सून म्हणून बसत होते, आज डॉक्टर म्हणून उभी होते. मोहियुद्दीनभाईंनी वही आणली, मामंजींनी तो गुरुवार काढला आणि एकेका नावावर बोट ठेवत मोठ्याने वाचायला लागले. आमच्या वहीत सुई कुणी दिली त्याचं अक्षर शेवटी लिहिलेलं असायचं. मामंजींचं ‘य’, माझं ‘श’. नामा, य. पुढे चार य. मग सोनुबाई.

त्यांचं बोट थांबलं. मी वाकून बघितलं. ‘श.’

सोनुबाईला सुई मीच दिली होती. मला ते माहीत होतं, तिचं गळू फोडतानाही माहीत होतं, पण माझ्या हिशेबात मी स्वतःला धरलंच नव्हतं. त्या दिवशी ट्रे समोर यायचा, मी सिरिंज उचलायची आणि पुढच्या बाईला म्हणायची, “पदर सावरा.” पाणी किती वेळ उकळलं हे मी वर्षभरात एकदाही विचारलं नव्हतं. ते बघणं म्हणजे कंपाउंडरचं काम, असं मी धरून चालले होते.

एकूण एकवीस नावं निघाली. त्यांतली आठ माझी.

“उद्यापासून सुई बंद,” मामंजी म्हणाले. “रॉकेलचा बंदोबस्त होईपर्यंत. आणि या सगळ्यांना जाऊन बघायचं.”

“बोलावून घेऊ या का?” मोहियुद्दीनभाईंनी विचारलं.

“नाही. आपण जायचं. बोलावलं की दुखणारा येतो, लपवणारा येत नाही.”

दोन दिवस दवाखाना दुपारी बंद ठेवून मामंजी आणि मी फिरलो. मामंजी प्रत्येक दारात तेच वाक्य बोलायचे. “त्या गुरुवारी तुम्हाला सुई दिली ना, ती नीट उकळलेली नव्हती. आमची चूक झाली. जागा दाखवा.” पहिल्या दारातून बाहेर पडताच मी म्हटलं, नुसतं बघायला आलोय म्हणू या. ते म्हणाले, “मग ती माणसं पुढच्या वेळी काय बघून सावध होतील?” बहुतेकांना काही झालं नव्हतं. कुणी हसलं, कुणी पाणी दिलं, एका म्हाताऱ्याने तर “डाक्टर स्वतः घरी आला” म्हणून शेजाऱ्यांना गोळा केलं. एकाची जागा टणक झाली होती, ती शेकून आणि गोळ्यांनी बसली. शेवटी एक नाव उरलं. येसूबाई, नदीपलीकडच्या वाडीतली. तिच्यापुढे ‘श’ होतं.

पूल ओलांडून आम्ही वाडीत पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. भात पोटरीला आलेलं, लोंब्या फुटायच्या बेतात, बांधांवर चिखल. तिचा मुलगा गजा घरीच होता. तोही कारखान्यात जायचा आणि उरलेल्या वेळात शेत बघायचा.

“आय बरी नाय,” तो दारातच म्हणाला. “आठ दिस झालं पडूनच हाय. कंबर धरलीय म्हणती. कुणाला हात लावू देत नाय.”

मी आत गेले. येसूबाई पन्नाशीची, एका कुशीवर, भिंतीकडे तोंड करून पडली होती. अंग चटका बसेल एवढं तापलेलं. मी दार लोटून घेतलं आणि लुगडं बाजूला केलं. तळहाताने झाकलं जाणार नाही एवढं गळू होतं. वरची कातडी निळसर, चकचकीत झाली होती.

“एवढं होईपर्यंत सांगितलं का नाही हो कुणाला?”

“कुणाला सांगू?” ती भिंतीकडेच बघत म्हणाली. “घरात योक पोरगा. त्याला सांगू व्हय कुठं दुखतंय ते?”

मी तिच्याजवळ जमिनीवर बसले. मामंजींनी एवढ्या दारांत उच्चारलेलं वाक्य मी मनात जुळवलं, पण ते माझ्या तोंडून तसं आलं नाही. “येसूबाई, हे माझ्या सुईनं झालंय. ती उकळलेली नव्हती. मी बघितलं नाही.”

तिने मान वळवली. डोळे तापाने लाल झाले होते. “तुमीच दिली व्हती, ठाव हाय मला. तुमचा हात हलका हाय म्हणत्यात सगळ्या. म्हणून तर तुमच्याकडं आले व्हते.”

बाहेर ओटीवर मामंजी गजाला सांगत होते. भिंत कुडाची होती, मला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

“म्हंजे तुमच्या दवाखान्यानं माज्या आयला पाडलं?” गजाचा आवाज चढला.

“हो.”

“सुई तुमची खराब व्हती?”

“हो.”

भांडायला निघालेल्या माणसाला समोरून हो आलं की पुढे काय करावं सुचत नाही. मग गजा म्हणाला, “मंग आता हात लावायचा नाय तिला. मी पनवेलला नेतो.”

“ने,” मामंजी म्हणाले. “मी चिठ्ठी देतो, सोबतही येतो. पण ते गळू आज फोडायलाच हवं. गाडी मिळून तिथे पोचेपर्यंत रात्र होईल, ताप आणखी चढेल. तू म्हणशील तसं. फक्त ऐक. आमची हत्यारं आत्ता तुझ्याच चुलीवर, तुझ्याच भांड्यात उकळू. तू समोर उभा राहा. तुझ्या हातात घड्याळ आहे. वीस मिनिटं. एक मिनिट कमी झालं तर तू पाणी ओतून दे आणि आम्ही चालते होऊ.”

गजाने आत येऊन आईकडे बघितलं. येसूबाईने डोळे मिटूनच मान हलवली. “घेऊ दे कापून, गजा. सोसवत नाय रं आता.”

गजाने स्वतः टोप घासला, पाणी भरलं, चुलीत लाकडं सारली. मी पिशवीतली सुरी, चिमटे, कात्री पाण्यात सोडली. पाण्याला उकळी येईपर्यंत तो घड्याळाकडे बघत नव्हता. उकळी फुटली तशी मामंजी म्हणाले, “आता बघ,” आणि त्याने मनगट डोळ्यांसमोर धरलं.

आम्ही तिघं त्या चुलीभोवती उभे होतो. धुराने डोळे चुरचुरत होते. पाच मिनिटं झाली असतील असं वाटून मी विचारलं, तर गजा म्हणाला, “दोन.” आतून येसूबाईचं कण्हणं येत होतं आणि दर कण्हण्याला मला वाटायचं, पुरे, झालं असेल, काढू या. तेव्हा मला कळलं की दारापर्यंत गर्दी असताना, समोर माणसं विव्हळत असताना, “चालेल, दे” हे कसं तोंडातून जातं. मामंजींकडे बघितलं तर ते पाण्याकडे टक लावून उभे होते आणि त्यांचे ओठ हलत होते. ते आकडे मोजत होते.

“वीस,” गजा म्हणाला.

मी हात साबणाने कोपरापर्यंत धुतले आणि आत गेले. मामंजी आणि गजा बाहेर थांबले. खिडकीच्या उजेडात मी चिरा दिला. येसूबाईने लुगड्याचा बोळा दातांखाली धरला होता. पू एवढा निघाला की पितळी भरली. पट्टी भरून मी पितळी उचलली. ती म्हणाली, “हलकं वाटलं गं बाय,” आणि तिथेच झोपली.

गजाने पनवेलला नेलं नाही. पण आमच्याशी बोललाही नाही.

त्या रविवारी अनंत घरी होते. मी सगळं सांगितल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, “उकळलं की नाही हे कुणी लिहून ठेवतं का? आमच्याकडे बॉयलरवरचा माणूस दर तासाला आकडा लिहून सही करतो. लिहायचं म्हटलं की बघावं लागतं.” सोमवारी मोहियुद्दीनभाईंनी शाळेतली एक मोठी पाटी आणून भिंतीवर टांगली, माणसांना दिसेल अशी. उकळी कधी आली, कधी काढलं, खाली सही. त्यांची सही झाल्यावर जो सुई देणार त्याने पाटी बघून वहीत आपलं अक्षर लिहायचं. रॉकेलचे दोन डबे वेगळे काढून ठेवले. डबे भरलेले नसतील त्या दिवशी सुई नाही.

सुई कमी झाली, तशी माणसंही कमी झाली. काही रागावून गेली, काही भिऊन. आम्हीच घरोघर जाऊन सांगितलं होतं, मग गावाला कळायला कितीसा वेळ? “दोंद्यांच्या सुईनं गळवं येत्यात” हे मी स्वतः बाजारात ऐकलं. नामा बरा झाला, पण पुढे रस्त्यात दिसला की दुसऱ्या बाजूने जायचा. मामंजींचे एक जुने डॉक्टर मित्र भेटायला आले, ते म्हणाले, “यशवंता, गळू फोडायचं, औषध द्यायचं, संपलं. सांगत फिरायची काय गरज होती? असं सगळ्यांकडेच होतं.”

“सगळ्यांकडे होतं ना,” मामंजी म्हणाले, “मग कुणीतरी सांगायला नको?”

मित्र चहा अर्धा टाकून गेले. मामंजी त्या दिवशी जेवले नाहीत.

येसूबाईची जखम खोल होती, ती आतून भरत यायला पाच आठवडे लागले. सुरुवातीला रोज, मग एक दिवसाआड मी पट्टी बदलायला जायची. मामंजींना यायची काही गरज नव्हती, आत तर मीच जायची. पण ते दर खेपेला यायचे. छत्री टेकवून ओटीच्या कडेला बसायचे आणि मी बाहेर येईपर्यंत थांबायचे. गजा घरी असला तरी आत निघून जायचा. तिसऱ्या आठवड्यात एकदा मी बाहेर आले तर मामंजी घोंगडीवर बसले होते. कुणी टाकली विचारलं तर म्हणाले, “टाकली त्याने. बोलला काही नाही.” चौथ्या आठवड्यात दोघंही भातावरच्या करपा रोगाबद्दल बोलताना ऐकले. तेही दोन वाक्यंच.

शेवटच्या दिवशी आश्विन संपत आला होता. भात पिवळं झालं होतं. जखम भरली होती, जागेवर खड्डा राहिला होता, तो जन्मभर राहणार होता. मी ते तिला सांगितलं.

“ऱ्हाऊ दे,” येसूबाई म्हणाली. ती उठून उभी राहिली, दोन पावलं चालली, पाय थोडा ओढतच. “तुमी नका येऊ आता. लागलंच तर मीच येईन तिकडं. उद्यापास्नं कापणी हाय, घरात कोन गावायचं नाय तुमाला.” मग ओटीवर येऊन तिने मामंजींना हाक मारली, “डाक्टर, जेवून जावा.”

मामंजी गडबडले. “नको, दवाखाना उघडायचाय.”

“माणसं हायेत कुठं तुमच्या दवाखान्यात?” गजा म्हणाला. पाच आठवड्यांत तो पहिल्यांदा आमच्यासमोर हसला. मामंजीही हसले. आम्ही जेवलो. तांदळाची भाकरी, सुकटीचं कालवण. मामंजींनी दोनदा भाकरी मागून घेतली.

परतताना पुलावर ते थांबले. पाणी ओसरून खालचे दगड दिसायला लागले होते. मला वाटलं दमले असतील.

“शरयू,” ते म्हणाले, “तू विचारलंस म्हणून हा एक गुरुवार कळला. सत्तावीस वर्षांत असे किती गेले असतील गं?”

मी म्हटलं, “आता मोजून काय उपयोग, मामंजी?”

“उपयोग नाही,” ते म्हणाले. “पण मोजतोय खरा.”

त्यांनी छत्री दुसऱ्या हातात घेतली आणि आम्ही गावाच्या दिशेने चालू लागलो.